आईची कॉफी बंद करायची का? (थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि घरातले तज्ज्ञ)

शेवटची_लोकल
नमस्कार मंडळी. प्रश्न तब्येतीचा आहे, पण घरात त्याचं राजकारण झालंय.

आई ६१ वर्षांची. दिवसाला चार कप कॉफी, दुधाची, जायफळ घालून. चहाला हात लावत नाही. थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. परवाच्या रिपोर्टात टीएसएच (वाढलं म्हणजे थायरॉईड कमी पडतंय) वाढलेलं आणि हिमोग्लोबिन ९.८. झालं! मोठ्या मावशीने फर्मान काढलं, "आधी ती कॉफी बंद कर." धाकट्या काकाने लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं की रोज तीन कप कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर ठणठणीत राहतं. वहिनी म्हणते कॅन्सर होतो. हे सगळं चालू असताना आई शांतपणे कॉफी पीत बसलेली.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर कुणाला अनुभव, माहिती असेल तर सांगा. फॉरवर्ड नकोत, घरात मुबलक आहेत.

खमंग_थालीपीठ
त्रास नक्की कशाचा होतोय ते कळलं नाही. कॉफीचा की मावशीचा?

रात्रपाळी
रसायनीच्या पट्ट्यात एका कारखान्यात आहे, तिन्ही पाळ्या करतो. त्यामुळे कॉफीशी संबंध रोजचा आणि स्वार्थाचा.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं. ते ठरलेल्या जागी जाऊन बसलं की जांभया सुरू होतात. कॅफिन आधीच त्या जागांवर रुमाल टाकून बसतं, एसटीत टाकतात तसा. अ‍ॅडेनोसिन साठायचं थांबत नाही, नुसतं उभं राहतं. रुमाल उचलला की सगळं एकदम बसतं आणि माणूस पॅनेलसमोर पेंगायला लागतो.

अंगातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे तीनला कप मारला तर सकाळी आठला कंपनीच्या बसमध्ये निम्मं शिल्लक. मग घरी जाऊन पडदे ओढून छताकडे बघत बसा. म्हणून आमच्याकडचे जुने लोक रात्री एकच्या पुढे कॉफीला शिवत नाहीत, बडीशेप चघळतात. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली होती.

तुमच्या आईंची चौथी कॉफी किती वाजता असते? झोप कशी आहे? ते आधी बघा.

तुळशी_वृंदावन
कॉफी उष्णच. आमच्या सासूबाई म्हणायच्या, थंडीत एखादा कप ठीक, वैशाखात नको. मला तर पित्त उसळायचं, छातीत जळजळ, रात्री आंबट पाणी तोंडात. बंद केली, पित्त गेलं. सुरुवातीचे दिवस डोकं असं ठणकायचं की विचारू नका, पण निभावलं. ताई, आईंना सांगा, सरळ सोडा. धणे-जिऱ्याचं पाणी द्या.

निशाचर_मांजर
+१ पित्ताला. रिकाम्या पोटी कॉफी म्हणजे आ बैल मुझे मार.

आडवाटेचा_डॉक्टर
फिजिशियन आहे. इथे कुणाला औषध सांगत नाही, फक्त दोन प्रश्न विचारतो.

१. थायरॉईडची गोळी आई कशाबरोबर घेतात आणि त्यानंतर किती वेळाने काय खातात-पितात?
२. जेवण झाल्यावर कॉफी किती वेळाने?

@तुळशी_वृंदावन: डोकं ठणकलं ते कॅफिन सुटल्यामुळे. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवडाभरात जातं. तुम्ही एकदम तोडलीत म्हणून जास्त झालं. रोज थोडी थोडी कमी केली तर फारसं कळतही नाही. पित्ताबद्दल असहमत नाही. कॉफीने जठरातलं आम्ल वाढतं आणि काहींना जळजळ होते. सगळ्यांना होत नाही, म्हणून सगळ्यांनी सोडावी असंही नाही.

शेवटची_लोकल
@आडवाटेचा_डॉक्टर: आत्ता तिलाच विचारून आले. उत्तर जसंच्या तसं: "सकाळी उठल्यावर पहिल्या कॉफीबरोबर. गरम गरम बरी जाते घशाखाली." दुसरा कप नाश्त्याबरोबर. तिसरा दुपारी जेवणं आटोपली, ओटा पुसला की लगेच. चौथा संध्याकाळी मालिकेच्या वेळी.

@रात्रपाळी: चौथा साडेसातला असतो. झोप लागत नाही अशी तक्रार आहे, पण ती खापर बाबांच्या घोरण्यावर फोडते.

खमंग_थालीपीठ
गोळी कॉफीबरोबर! डॉक्टरसाहेब, पाणी प्या आणि मग टाइप करा.

आडवाटेचा_डॉक्टर
कॉफीच पितोय, दुपारची शेवटची. :)

हे ओपीडीत इतकं दिसतं की आता रिपोर्ट बघायच्या आधी हेच विचारतो. थायरॉक्सिनची गोळी लहान आतड्यातून शोषली जाते आणि कॉफी त्यात अडथळा आणते. गोळी साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, आणि पुढे निदान अर्धा तास, शक्यतो तासभर काही नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. सकाळचा कप सुटतच नसेल तर काही जणांना आम्ही गोळी रात्री देतो, जेवणानंतर तीनेक तासांनी. पण हे तुमच्या डॉक्टरांना विचारून. महत्त्वाचं म्हणजे घरच्या घरी डोस वाढवू नका. वेळ दुरुस्त करून दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करतात, मग डोसचं ठरतं. नाहीतर असं होतं की डोस वाढवला, पुढे गोळी पाण्याबरोबर सुरू झाली, शोषण सुधारलं आणि बाईंची छाती धडधडायला लागली.

आता लोह. पालेभाज्या, डाळी, नाचणी यांतलं लोह तसंही शरीर कमीच घेतं. कॉफी-चहातली पॉलिफेनॉल त्याला धरून ठेवतात. १९८३ च्या एका गाजलेल्या प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी दिल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. (चहावाल्यांनी इतक्यात टाळ्या पिटू नयेत.) गंमत पुढे आहे. जेवणाआधी तासभर कॉफी प्यायली तर काहीच फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभराने प्यायली तर जेवणाबरोबर प्यायल्याइतकाच फरक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा म्हटलंय. मी पेशंटला जेवणानंतर दीड-दोन तास सांगतो.

आणि एक गोष्ट जरा ठासून सांगतो. साठीच्या, पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९.८ असेल तर ते कॉफीवर ढकलून मोकळं होऊ नका. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ बघावं लागतं, आणि लोह खरंच कमी निघालं तर पोटात कुठून रक्त जातंय का हेही तपासावं लागतं. मूळव्याध, अल्सर, सांधेदुखीच्या गोळ्या, कधी आतड्याची गाठ. मावशींच्या फर्मानात मला धोका वाटतो तो हा: कॉफी बंद होईल, सगळे निश्चिंत होतील आणि तपासणी राहून जाईल.

पिंपळपान
वरचा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर चिकटवा कुणीतरी. माझी थायरॉईडची गोळी गेली कित्येक वर्षं चहा-बिस्किटाबरोबर जातेय.

मुक्काम_धारवाड
हे सगळं ठीक आहे, पण एका पदार्थाची बदनामी चालली आहे. जायफळ घातलेली दुधाळ कॉफी म्हणजे कॉफी नव्हेच हो, ते गोड दूध. आमच्याकडे या. पितळी फिल्टर, वरच्या भांड्यात ताजी दळलेली पूड, तिच्यावर ती दांड्याची चकती हलकेच दाबायची, जोरात दाबली की पाणी उतरत नाही. उकळी येऊन गेलेलं पाणी गोल फिरवत ओतायचं, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. सकाळी लागणारी डिकॉक्शन आमच्या घरी रात्रीच लागते. खालच्या भांड्यात उतरते ती काळी, दाट. तिच्यात दूध किती घालायचं त्यावरून सासवा-सुनांचं बिनसतं.

चिकोरीचाही मुद्दा राहिला. पुडीवर बारीक अक्षरांत ८०:२० किंवा ७०:३० लिहिलेलं असतं ते वाचा. आपल्याकडच्या नियमाने मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. ती भाजलेली मुळी, तिच्यात कॅफिन शून्य. त्यामुळे 'मी चार कप पितो' या वाक्याला काही अर्थ नाही. कसले चार कप?

हिशेबाचा_कागद
@मुक्काम_धारवाड बरोबर बोलले, म्हणून मांडतो. त्याच पोषण संस्थेचे आकडे, १५० मिलिलिटरच्या कपाचे: पूड गाळून केलेली कॉफी ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट ५० ते ६५, चहा ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३००. युरोपची अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढाला ४०० पर्यंत मुभा देते.

शेवटची_लोकल यांच्या आईंची कॉफी इन्स्टंट असावी असं धरतो. चार कप म्हणजे २०० ते २६०. मर्यादेच्या आत. म्हणजे बाईंचं प्रमाण ठीक, वेळापत्रक गंडलेलं.

शेवटची_लोकल
इन्स्टंटच. अर्धा चमचा पूड, कपभर दूध, भरपूर साखर. साखरेबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

निशाचर_मांजर
कारण आम्ही सगळे घालतो.

फ्योर्डकाठी
ओस्लोहून. इथले लोक कॉफीवर जगतात, नोव्हेंबरात दुपारी साडेतीनला अंधार पडला की मीही. इथे जुनी पद्धत म्हणजे भरड पूड थेट पाण्यात उकळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची कॉफी ओतून घ्यायची. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. उकळलेल्या कॉफीत ते भरपूर उतरतं, कागदी फिल्टर लावला तर जवळजवळ सगळं कागदातच अडकतं. पाच लाखांहून जास्त नॉर्वेजियन लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात कागदातून गाळलेली कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी दिसलं. मागच्या वर्षी, २०२५ मध्ये, शेजारच्या स्वीडनमध्ये ऑफिसांतल्या मशीनच्या कॉफ्या तपासल्या, तर बऱ्याच मशीनमध्ये कागदी फिल्टरपेक्षा कॅफेस्टॉल कितीतरी जास्त निघालं.

@मुक्काम_धारवाड: तुमच्या पितळी फिल्टरला भोकं आहेत, कागद नाही. एलडीएल तपासता ना?

मुक्काम_धारवाड
घाव वर्मी बसला. एलडीएल १४८ आहे. पण फिल्टरला दोष देणार नाही, शेजारी धारवाडी पेढ्याचं दुकान आहे.

फ्योर्डकाठी
:) इन्स्टंटमध्ये कॅफेस्टॉल अगदी कमी असतं. त्यामुळे ज्या 'गोड दुधा'ला तुम्ही हसलात ते या एका बाबतीत तुमच्या पुढे आहे.

जहाल_मवाळ
हे सगळे अभ्यास कॉफी कंपन्या पैसे देऊन करवून घेतात. एक दिवस अंडं वाईट, दुसऱ्या दिवशी चांगलं. १९९१ ला जागतिक आरोग्य संघटनेच्याच लोकांनी कॉफीला कॅन्सरच्या संशयितांत टाकलं होतं. आता सगळं गोड गोड. आजोबा ९३ वर्षं जगले, कॉफी पाहिली नाही.

खमंग_थालीपीठ
आमचे आजोबा ९४. रोज तीन कप. १-० आमच्याकडून.

आडवाटेचा_डॉक्टर
@जहाल_मवाळ: १९९१ चं बरोबर आहे, मूत्राशयाच्या कॅन्सरबाबत संशय होता. २०१६ मध्ये त्याच संस्थेने हजाराच्या आसपास अभ्यास पुन्हा तपासून कॉफीला त्या यादीतून काढलं. आधीच्या बऱ्याच अभ्यासांत कॉफी पिणारेच सिगारेट ओढणारेही होते, तो गुंता नीट सुटला नव्हता. त्याच बैठकीत ६५ अंशांहून गरम कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारणीभूत, असं ठरलं. तेव्हा @शेवटची_लोकल, वहिनींना सांगा की बोट कॉफीकडे नको, वाफेकडे दाखवा.

'सगळं गोड गोड' बद्दल तुमची शंका मात्र रास्त आहे. कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाईप टू मधुमेह, लिव्हर सिरॉसिस, पार्किन्सन कमी दिसतात हे खरं, पुन्हा पुन्हा दिसलंय. पण ही निरीक्षणं. ज्यांची तब्येत बिघडते ते आपणहून कॉफी सोडतात, मग पिणारे आपसूक निरोगी दिसतात. त्यामुळे लिव्हरसाठी म्हणून न पिणाऱ्याने कॉफी सुरू करावी असं मी कधी सांगणार नाही. धाकट्या काकांना नमस्कार.

कोल्हापुरी_चप्पल
६५ अंश म्हणे. आमचा आजा बशीत वतून फुर्र करून प्यायचा तर समदी नातवंडं हसायची. बघा की, शास्त्रज्ञ निघाला म्हातारा.

तुळशी_वृंदावन
हसून हसून पुरेवाट. बशीवर वेगळा धागा काढा.

धावती_भेट
धावणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. कॅफिन २००४ पर्यंत खेळाडूंच्या बंदी यादीत होतं, मग काढलं, आता फक्त लक्ष ठेवतात. दम टिकण्यासाठी शरीराच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम उपयोगी ठरतं. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या पहाटे अर्धी सीएसएमटी कॉफीवर उभी असते. पण कॉफीने आतडीही हलतात, काहींची पाच-दहा मिनिटांत. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग करू नये. पेडर रोडच्या चढावर फिरती शौचालयं नसतात. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

निशाचर_मांजर
लिहायलाच हवं होतं का?

सातवा_महिना
मलाही विचारायचं होतं. पोटुशी आहे, सासरी कॉफी पूर्ण बंद केलीये. एक कपही चालत नाही का? जीव जातोय.

आडवाटेचा_डॉक्टर
तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा शब्द अंतिम. साधारण सल्ला दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहा असा असतो, आणि त्यात चहा, कोला, चॉकलेट सगळं मोजायचं. शेवटच्या महिन्यांत शरीर कॅफिन फार हळू काढतं. एरवी पाच तास म्हणतो ते पंधरापर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे सकाळचा एक छोटा कप अन् संध्याकाळी नाही, हे सासूबाईंनाही पटेल असं वाटतं.

@रात्रपाळी, हाच हिशेब तुमच्या पाच तासांनाही लागू. कॅफिन मोडणारं एन्झाइम कुणाचं चपळ, कुणाचं सुस्त. सिगारेट ओढणाऱ्यांचं ते जोरात चालतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं मंद. म्हणून एकाच घरात एक जण रात्री दहाला कॉफी पिऊन घोरतो आणि दुसरा चारच्या कपाने टक्क जागा.

रात्रपाळी
अच्छा, म्हणून आमचा सिगारेटवाला फोरमन दणकून कॉफी पिऊनही सकाळी बसमध्ये झोपतो.

हिशेबाचा_कागद
छातीतल्या धडधडीवर कुणी बोललं नाही म्हणून. २०२३ मध्ये अमेरिकेत शंभर जणांवर प्रयोग झाला. अंगावर ईसीजी आणि हातात घड्याळ, रोज मेसेज जायचा: आज कॉफी प्या, आज नको. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादाचे ठोके काही विशेष वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले थोडे वाढले. लोक दिवसाला हजारेक पावलं जास्त चालले आणि रात्री ३६ मिनिटं कमी झोपले. जमा-खर्च ज्याचा त्याने मांडावा.

जहाल_मवाळ
शंभर माणसं म्हणजे काय अभ्यास झाला का? आमच्या सोसायटीत जास्त आहेत.

हिशेबाचा_कागद
तुमच्या सोसायटीला ईसीजी लावून द्या, मी तक्ता भरतो.

पिंपळपान
कॉफीत चमचाभर साजूक तूप घालून पिण्याची टूम निघाली आहे, त्याबद्दल काय मत? वजन उतरतं म्हणतात.

मुक्काम_धारवाड
तूप कशात घालावं याची यादी आमच्याकडे फार मोठी आहे. तीत कॉफी नाही.

आडवाटेचा_डॉक्टर
मोठा चमचाभर तूप म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. नाश्ता सोडून प्यायलात तर वजन नाश्ता सोडल्याने उतरेल.

शेवटची_लोकल
अपडेट द्यायला आले. डॉक्टरांनी गोळी रात्री झोपताना केली, डोस तोच ठेवला, टीएसएच आठ आठवड्यांनी. फेरिटिन खूपच कमी निघालं. आई गुडघेदुखीसाठी शेजारणीने सुचवलेल्या पेनकिलर बराच काळ घेत होती, हे आम्हाला तिथे केबिनमध्ये कळलं. एंडोस्कोपी झाली, जठरात व्रण आहे. त्यावर औषध सुरू केलंय, पेनकिलर बंद, लोहाची गोळी सुरू. बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. @आडवाटेचा_डॉक्टर, तुमच्या त्या परिच्छेदाची प्रिंट काढून मावशीला दिली आहे.

कॉफीबद्दल आईने त्यांच्याशी माझ्यासमोर घासाघीस केली. व्रण भरेपर्यंत दोनच कप. पहिला नाश्त्यानंतर जरा वेळाने, दुसरा चार वाजता. जेवणावर लिंबू पिळायचं, जेवणानंतर कॉफी नाही. मालिकेच्या वेळेचा कप गेला याचं तिला सगळ्यात वाईट वाटलं. "मग काय नुसतं बघत बसू?" म्हणाली.

खमंग_थालीपीठ
रिपोर्ट नीट येवोत. आणि मालिका बंद करा, व्रण आपोआप भरेल.

आडवाटेचा_डॉक्टर
छान झालं, वेळेत कळलं. बायोप्सीत एच. पायलोरी (जठरात व्रण करणारा जंतू) आला तर अँटिबायोटिकचा कोर्स देतील, तो पूर्ण करा, मध्येच सोडू नका. लोहाची गोळी आणि थायरॉईडची गोळी एकत्र नको, हे फ्रीजवर चिकटवा.

तुळशी_वृंदावन
आईंना माझ्याकडून धणे-जिऱ्याचं पाणी. मालिकेच्या वेळी.

शेवटची_लोकल
सांगितलं. नाक मुरडलं.

कोल्हापुरी_चप्पल
ठाण्यात ताजी दळून देणारं कॉफीचं दुकान कुठं हाय? पाव्हण्याकडं जायचंय, ८०:२० न्यायची हाय.

मुक्काम_धारवाड
माटुंग्यापर्यंत या, स्टेशनाबाहेर पडलात की वासाच्या मागे चला. आणि ८०:२० कशाला, निव्वळ कॉफी घ्या.

फ्योर्डकाठी
जोडीला कागदी फिल्टरही.

मुक्काम_धारवाड
तुम्ही थांबा हो जरा.